बेळगावात वायनरीची वाईन घरपोच मिळते का? माझं जरा लांबलेलं उत्तर

आधी प्रश्न थोडक्यात सांगतो म्हणजे नंतर वाचणाऱ्याला धागा लागेल. टिळकवाडीतल्या एका भावानं विचारलंय की मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात आई-बाबांच्या लग्नाला ४० वर्षं होतायत, घरी पंचवीसेक माणसं जमणार, दोन वर्षांपूर्वी नाशिकच्या ट्रिपमध्ये एका वायनरीच्या (वाईन बनवतात तिथल्या) टेस्टिंग रूममध्ये, म्हणजे चाखायच्या खोलीत बसून दोघांनी आयुष्यात पहिल्यांदा वाईन चाखली आणि चक्क आवडली, तर तसंच काहीतरी घरी करायचंय. पुण्यातल्या मावसभावाच्या दारात फोन केला की बाटल्या येतात, मग बेळगावात वायनरीतून घरपोच किंवा पार्सल का मिळत नाही, आणि मिळत नसेल तर नाशिकहून गाडीत घालून आणू का.

माझी ओळख एवढीच की नऊ वर्षं महाराष्ट्रातल्या एका वायनरीच्या टेस्टिंग रूममध्ये ओतायचं काम केलं (आमची आजी शेवटपर्यंत शेजारणींना "नातू ओततो" असंच सांगायची), आता बेळगावात परत येऊन दोन-तीन हॉटेलांची वाईन लिस्ट आणि स्टॉक बघतो. त्यामुळं काउंटरच्या दोन्ही बाजू बघितल्यात.

सरळ उत्तर: घरपोच नाही. नाशिकहून गाडीत घालून पण आणू नका. पण तुम्हाला जे पाहिजे ते बेळगावात बसून होतंय, आणि माझ्या मते जास्त चांगलं होतंय. कसं ते सांगतो, जरा दम धरा.

मावसभावाशी तुलना करू नका, कारण तो वेगळ्या कायद्यात राहतो. दारू हा राज्याचा विषय आहे, राज्यघटनेच्या सातव्या परिशिष्टातल्या राज्यसूचीतच आहे, जीएसटीतसुद्धा आली नाही ती याच कारणानं. म्हणून प्रत्येक राज्याचा परवाना वेगळा, टॅक्स वेगळा, बाटलीवरचं लेबल वेगळं. महाराष्ट्रानं मे २०२० मध्ये लॉकडाऊनच्या वेळी घरपोच विक्री सुरू केली, तिथनं पुण्या-मुंबईच्या लोकांना सवय लागली. आपल्याकडे, म्हणजे कर्नाटकात, त्याच मे महिन्यात बार आणि क्लबना पार्सल विकायला तात्पुरती परवानगी दिली होती, बंगळुरूच्या मायक्रोब्रुअरींना (जागेवरच बिअर बनवणाऱ्यांना) ताजी बिअर भरून द्यायला पण दिली होती, म्हणून बऱ्याच जणांच्या डोक्यात "आपल्याकडे पण मिळायची की ओ" असं बसलंय. ती सोय तेवढ्यापुरती होती. बंगळुरूत एका अ‍ॅपवाल्यांनी ऑनलाइन विकायचा प्रयत्न केला होता, ते प्रकरण हायकोर्टापर्यंत गेलं आणि कर्नाटकाच्या अबकारी कायद्यात ऑनलाइन विक्रीची तरतूदच नाही असं निघालं. कायदा १९६५ चा, त्यात अ‍ॅप कुठनं असणार. मधे २०२४ मध्ये पेपरात परत बातम्या आल्या की जेवण पोचवणाऱ्या मोठ्या अ‍ॅपवर बिअर-वाईन येणार, कर्नाटकाचं पण नाव होतं त्यात, त्या बातमीचं कात्रण मला सात जणांनी पाठवलं. बातमी म्हणजे परवाना नव्हे.

हे एवढं सांगायचं कारण म्हणजे "बेळगाव वाईन होम डिलिव्हरी" असं फोनवर शोधलं की नंबर येतात आणि लोकांना वाटतं मिळते म्हणजे. आमच्या गल्लीतल्या एकानं असाच नंबर लावला, पलीकडचा माणूस हिंदीत गोड बोलला, दुकानाचा फोटो पाठवला, अर्धे पैसे आधी स्कॅन करा म्हणाला, मग डिलिव्हरीवाल्या पोराला ओटीपी सांगा म्हणाला. बाटली आली नाही हे सांगायला नको. आणि तक्रार करायला जाणार कुठं, तर "दारू घरपोच मागवली होती" असं स्टेशनात सांगायला लागतं म्हणून गप्प बसला. तर कुठल्याही नंबरला आधी पैसे पाठवू नका, खरा परवानेवाला दुकानदार आपल्याकडे असा धंदा करत नाही. कुरिअर आणि बसच्या पार्सलचं पण तेच, दारू घेत नाहीत, आणि "तेल आहे" सांगून पाठवणारा मित्र असेल तर त्याला हात जोडा, काच फुटली की वास सगळं सांगतो.

आता नाशिकहून आणायचं. आपण बॉर्डरवरची माणसं, आपल्याला राज्य बदललेलं जाणवत नाही, निपाणीचा माणूस कागलला चहा प्यायला जातो आणि परत येतो. बाटलीला मात्र कोगनोळीचा चेकनाका जाणवतो. बाहेरच्या राज्याची दारू कर्नाटकात परवान्याशिवाय आणणं गुन्हा आहे, त्यात वाईन पण दारूच, "ओ ही फळांची आहे" हे चेकपोस्टवर चालत नाही. गोव्याच्या रस्त्याला तर हे सगळ्यांना माहिताय, चोर्ला घाटातून येताना कणकुंबीच्या नाक्यावर गाडी थांबवली की मागच्या सीटवर कोण कसं गप्प बसतंय त्यावरनंच नाक्यावरच्यांना कळतं. गोव्याच्या दुकानदारानं बिल दिलं, तिथली चिठ्ठी दिली, म्हणून आपल्या बाजूचे नाकेवाले तो माल मान्य करतील असं समजू नका. दोनशे-चारशे रुपये वाचवायला जाऊन आई-बाबांच्या लग्नाच्या वाढदिवसाला स्टेशनात बसायची पाळी यायची.

आणि समजा कायदा बाजूला ठेवला, तरी मे महिना. हे मला कायद्यापेक्षा मोठं कारण वाटतं, कारण कायदा सगळे सांगतात आणि उन्हाचं कोणी सांगत नाही.

माझीच गोष्ट सांगतो. टेस्टिंग रूममध्ये असताना एका एप्रिलात सुट्टी घेऊन अकलूजच्या बाजूनं कोल्हापूरला मित्राकडं निघालो होतो, डिकीत सहा बाटल्यांचं खोकं, त्यात दोन चांगल्या रेड, माझ्या पगाराच्या मानानं महाग. मिरजेला जेवायला थांबलो. जेवण, पान, मग मित्राचा मित्र भेटला, दीड तास गेला. गाडी उन्हात. संध्याकाळी खोकं उघडलं तर दोन बाटल्यांची कॉर्क तोंडातनं दोन-तीन मिलिमीटर वर आलेली, वरच्या टोपीखाली चिकट ओघळ. ओतली तर रंग बरा दिसत होता पण चव म्हणजे करपलेल्या जॅमची, त्यात शिजवलेल्या मनुकांचा वास. मित्र म्हणाला भारी आहे. मी गप्प बसलो. बंद गाडीची डिकी उन्हात पन्नाशीच्या वर जाते आणि वाईन तिशीच्या वर तासन्‌तास राहिली की बिघडायला लागते, बाटलीच्या आत द्रव फुगतो, कॉर्कला ढकलतो, मग परत थंड झालं की आत हवा ओढून घेतो. एकदा शिजली की फ्रिजमध्ये ठेवून परत कच्ची होत नाही. नाशिक ते बेळगाव साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे अख्खा दिवस. आता तुम्हीच हिशेब करा.

"मग आपल्याकडचीच घ्यावी, अथणी-विजापूरकडं एवढी द्राक्षं आहेत की" असं कोणीतरी खाली लिहिणारच, म्हणून आत्ताच सांगतो. तेलसंग, तिकोटा, बबलेश्वर ह्या पट्ट्यात द्राक्षं खूप आहेत हे खरं, पण ती बहुतेक बेदाण्याची आणि खायची, थॉमसन आणि त्याच्या घरातली सोनाका, माणिक चमन वगैरे. पातळ सालीची, मोठ्या मण्याची, बिनबियांची. वाईनची द्राक्षं बारीक, जाड सालीची, बिया असलेली, कॅबर्ने, शिराज, शेनिन ब्लॉ, सॉव्हिन्यॉ ब्लॉ, रेड वाईनचा रंग आणि तोंड आवळणारा तुरटपणा त्या सालीतनं आणि बियांतनं येतो. खायला बसलात तर चार मण्यांत कंटाळाल. म्हणून शेजारी द्राक्षबाग आहे म्हणजे शेजारी टेस्टिंग रूम आहे असं होत नाही. कर्नाटकातली जुनी नावाजलेली वायनरी नंदी हिल्सकडं, ग्रोव्हर झाम्पा, आणि उत्तरेकडं हंपीच्या डोंगराळ भागात क्रस्मा. २००७ मध्ये राज्यानं द्राक्ष प्रक्रिया आणि वाईन धोरण आणलं, मग वाईन बोर्ड झालं, वाईन टॅव्हर्न म्हणून वेगळा परवाना आला, बोर्डाचे वाईन मेळे भरायला लागले. मेळा जवळपास लागला तर जरूर जा, एका तंबूत दहा-बारा वायनरीचे लोक उभे असतात, थोड्या पैशात चाखायला मिळते आणि आपल्या राज्यात कुठली लेबलं विकतायत ते एका दिवसात कळतं. माझ्यासारख्याला तर ती जत्राच.

हंपीकडं फिरायला जाणार असाल आणि तिथल्या वायनरीत फोन करून भेट ठरली, बाटली विकत मिळाली, तर ती कर्नाटकाचीच असल्यामुळं बॉर्डरची भानगड नाही, बिल जवळ ठेवायचं आणि सकाळी लवकर निघायचं. फक्त मे महिन्यात एवढ्यासाठी मुद्दाम जाऊ नका.

तर उरतं काय? दुकानातनं जाऊन आणणं. हे ऐकायला साधं वाटतंय पण इथंच लोक चुकतात, आणि माझं सगळं काम ह्यातच चालतं म्हणून जरा खोलात जातो.

आपल्याकडं पाटीवर "वाईन्स" लिहिलेलं असतं आणि आत वाईन सोडून सगळं असतं, हा जुना विनोद आहे. असलीच तर वरच्या फळीवर ट्यूबलाइटच्या अगदी खाली चार बाटल्या उभ्या, धूळ बसलेल्या, कारण दुकानदाराचा माल रम आणि व्हिस्की, वाईन विकत घेणारा महिन्यातनं दोनदा येतो. त्याची चूक नाही. कर्नाटकात २००३ पासून घाऊक माल स्टेट बेव्हरेजेस कॉर्पोरेशनकडनं घ्यायला लागतो, दुकानदार इंडेंट म्हणजे मागणी टाकतो, कॉर्पोरेशनच्या डेपोतनं माल येतो. वायनरी थेट त्याच्याकडं पाठवत नाही, तुमच्या घरी तर नाहीच. शिवाय प्रत्येक लेबलची आपल्या राज्यात वेगळी नोंदणी लागते, त्याची फी असते, म्हणून वायनरीच्या वेबसाइटवर वीस वाईन दिसल्या तरी बेळगावात पाच-सहाच येतात. तुम्ही नाशिकला चाखलेली नेमकी तीच बाटली इथं नसेल तर दुकानदार लपवत नाहीये, ती कर्नाटकात आलेलीच नसते.

आता युक्ती. खोकं बारा बाटल्यांचं असतं, ७५० मिलीच्या बारा म्हणजे नऊ लिटर. एका गिऱ्हाइकाच्या दोन बाटल्यांसाठी दुकानदार खोकं उतरवत नाही, दहा पडून राहिल्या तर त्याचे पैसे अडकतात. म्हणून दुकानात जाऊन "ही आहे का" विचारायचं नाही, दहा-बारा दिवस आधी जाऊन मालकाशी, पोऱ्याशी नव्हे, बोलायचं: "मला ह्या चार प्रकारातल्या मिळून आठ पाहिजेत, अमुक तारखेला नेतो, थोडं अ‍ॅडव्हान्स देतो, डेपोत काय काय आहे ते बघून सांगा." असं बोललं की त्याच्या चेहऱ्यावर फरक पडतो. आम्ही हॉटेलसाठी पण असंच करतो. कॅम्पमधल्या किंवा कॉलेज रोडच्या बाजूच्या जरा मोठ्या दुकानांत हे लवकर जमतं, वाईन जास्त ठेवणाऱ्यांकडं तर सोपंच, पण खरं सांगायचं तर दुकान कुठलं त्यापेक्षा मालक ऐकून घेणारा आहे का यावर आहे. ह्यालाच मी आपल्याकडची "ऑर्डर" म्हणतो. मागवून ठेवायची आणि स्वतः जाऊन आणायची, झालं पार्सल. एका बिलावर किती बाटल्या चालतात ते त्यालाच विचारा, जास्त होत असतील तर दोघे भाऊ दोन बिलं करून घ्या. आणि घ्यायला जाणारा २१ वर्षांच्या आतला नको, धाकट्याला स्कूटी देऊन पाठवू नका.

बाटली हातात आली की काय बघायचं? कर्नाटकाचं लेबल आणि अबकारीचं स्टिकर आहे का ते पहिलं. मग बाटली उजेडात धरून मानेतली पातळी बघा, खाली गेलेली असेल तर नको. कॉर्कवाली असेल तर वरच्या टोपीवर अंगठा फिरवा, फुगवटा लागला किंवा चिकट लागलं तर माझी मिरजेची गोष्ट आठवा. मागच्या लेबलवर वर्ष किंवा भरल्याची तारीख असते. आपल्याकडं वाईनच्या द्राक्षांची तोड साधारण जानेवारी ते मार्चच्या मधे होते, व्हाईट आणि रोझे जितकी ताजी तितकी बरी, दोन-तीन वर्षं दुकानाच्या फळीवर उभी राहिलेली व्हाईट घेऊ नका, मग दुकानदार कितीही म्हणू दे की "वाईन जुनी तेवढी चांगली". ते सगळ्या वाईनला लागू नाही, आणि ट्यूबलाइटखाली जुन्या झालेल्या तर कुठल्याच वाईनला नाही. फिरकीचं झाकण असलेली बाटली दिसली तर हलकी समजून नाक मुरडू नका, आपल्या हवेत मला तीच जास्त भरवशाची वाटते.

सकाळी किंवा अंधार पडल्यावर घ्या, डिकीत नव्हे, पायाशी एसीच्या वाऱ्यात ठेवा, वाटेत कुंदा घ्यायला थांबायचं असेल तर आधी कुंदा घ्या मग वाईन. घरात देवघराच्या बाजूची थंड खोली असते ना, किंवा पलंगाखाली, तिथं आडव्या ठेवा. फ्रिजच्या वरती नको, तिथं गरम हवा असते, आणि स्वैपाकघरात तर नकोच. एक आणखी, तारीख ठरवताना निवडणूक, मिरवणूक असलं काही त्या दिवसांत येतंय का बघा, दुकानं बंदचा आदेश आदल्या दिवशी येतो आणि शिवजयंतीची आपली मिरवणूक कधी असते ते बेळगावकराला सांगायला नको. चार दिवस आधी माल घरात पाहिजे.

आता टेस्टिंग. तुम्ही म्हणालात आई-बाबांना तिथं आवडली. नऊ वर्षं ओतल्यावर मला एक कळलंय, तिथं लोकांना जी वाईन आवडते तिच्यात निम्मा वाटा वाईनचा आणि निम्मा क्रमाचा असतो. बाटली घरी नेतात आणि फोन करतात, "ओ, ही तिच्यासारखी लागत नाही." कशी लागेल, घरी मटणाबरोबर, स्टीलच्या पेल्यात, खोलीच्या गरमीत प्यायलेली असते. तर क्रम घरी आणा, तो कुठल्याही चेकपोस्टवर अडत नाही.

माणसं पंचवीस, पण चाखणारी किती? काकू, मावशी, गाडी चालवणारे, नाही म्हणणारे बाजूला काढा, माझ्या अंदाजानं चौदा-पंधरा उरतील. टेस्टिंगला एकाला ५० मिली भरपूर झालं, बाटलीत ७५०, म्हणजे एका बाटलीत पंधरा जणांचं होतं. चार वाईन, चार बाटल्या. नंतर जेवणाबरोबर ज्याला जी आवडली तिचा पूर्ण ग्लास, १५० मिली धरा, एका बाटलीत पाच, म्हणून आणखी चार. आठ झाल्या. यापेक्षा जास्त घेऊ नका, उरलेल्या वाईनचं लोणचं घालता येत नाही. न पिणाऱ्यांना त्याच काचेच्या ग्लासात आमसुलाचं सरबत द्या, रंग सारखा दिसतो आणि फोटोत कोणी वेगळं पडत नाही, माझ्या आईनं काढलेली युक्ती आहे.

चार कुठल्या: एक फेसाची किंवा हलकी व्हाईट, सॉव्हिन्यॉ ब्लॉ चालेल. दुसरी शेनिन ब्लॉ, थोडी गोडसर असलेली मिळाली तर उत्तम. तिसरी शिराज, रेडमध्ये नवख्यांना ती पटकन जुळते. चौथी शेवटी गोडाबरोबरची, लेट हार्वेस्ट म्हणतात ती. हलक्यापासून जडाकडं आणि एकदम गोड ती सगळ्यात शेवटी, उलटं केलं तर गोडानंतर कोरडी वाईन चिंचेसारखी आंबट लागते आणि बाबा म्हणतील नाशिकची चांगली होती.

थंडपणा इथं फार महत्त्वाचा. पुस्तकात रेड "रूम टेंपरेचर"ला द्यायची लिहिलेलं असतं, ती रूम युरोपातली. मे महिन्यात आपली खोली तीस अंश, रेडला १६-१८ पाहिजे, म्हणून रेडला पण अर्धा-पाऊण तास फ्रिजमध्ये घाला, लाजू नका. व्हाईटला ८ ते १२. फ्रिजमध्ये जागा नसणारच, श्रीखंड आणि फुलं त्यात असणार, तर एक मोठी बादली घ्या, बर्फ, त्यात पाणी, आणि मूठभर मीठ. नुसत्या बर्फात बाटली लवकर गार होत नाही कारण तुकड्यांमधे हवा राहते, पाणी असलं की चारी बाजूनं गारवा लागतो आणि मिठानं तो अजून खाली जातो. वीस मिनिटांत काम. आणि वाईनमध्ये बर्फ टाकणाऱ्या काकांना आधीच प्रेमानं थांबवा, थांबले नाहीत तर टाकू द्यात, त्यांचा पण दिवस आहे.

खायला काय? पहिल्या दोघींबरोबर चंदगडचे काजू, साधे भाजलेले, तिखट-मीठ न लावलेले, आणि पनीर किंवा साधं चीज. तिखट जेवणाआधी चाखणं उरकून घ्या हे फार कळकळीनं सांगतोय. एका हॉटेलात मालकाचा हट्ट होता की सावजी मटणाबरोबर कॅबर्ने द्यायची, मेनूवर "स्पेशल पेअरिंग" म्हणून छापलं पण. पहिल्याच रात्री आठ जणांचं टेबल, पहिला घास, रेडचा घोट, आणि आठच्या आठ हात पाण्याच्या ग्लासाकडं. तुरटपणा आणि अल्कोहोल दोन्ही मिरचीचा जाळ वाढवतात, विझवत नाहीत. वेटर जग घेऊन धावतोय आणि मालक माझ्याकडं बघतोय. त्या रात्रीनंतर आम्ही सावजीबरोबर ती गोडसर शेनिन थंडगार द्यायला लागलो आणि मेनू परत छापला. तुमच्याकडं तांबडा रस्सा असेल तर तेच करा, शिराज मटण सुक्याबरोबर, मसाला जरा बेताचा असेल तर.

कुंद्याबद्दल मुद्दाम. गोड वाईन गोड पदार्थापेक्षा जास्त गोड असावी लागते, तरच ती टिकते, नाहीतर पाणचट वाटते. आपला कुंदा खव्याचा, आटवून आटवून करपलेल्या साखरेच्या चवीचा, अतिगोड, म्हणून एका बशीत चमचाभरच द्या आणि लेट हार्वेस्ट चांगली गार करून ३० मिलीच द्या. आमच्याकडं आलेल्या एका इटालियन पाहुण्यानं हे खाऊन कुंदा कशाचा करतात ते तीनदा विचारलं होतं. वाईनबद्दल एकदाही विचारलं नाही.

घरात आपल्याच माणसांना देताय तोवर ठीक आहे. ऐन वेळी "घर लहान पडतंय, हॉल घेऊ" असं ठरलं तर मात्र तिथं वाटायला सीएल-५ चा तात्पुरता परवाना लागतो, अबकारी ऑफिसातनं आधी काढायला लागतो, हॉलवाला "चालतंय ओ" म्हणाला म्हणून चालत नाही.

उरली तर? उघडलेली रेड झाकण लावून फ्रिजमध्ये तीन दिवस ठीक राहते, व्हाईट पण तेवढीच, फेसाची दुसऱ्या दिवशी गेली. अर्धी बाटली उरली असेल तर लहान स्वच्छ बाटलीत काठोकाठ ओतून झाकण लावा, वर हवा राहिली नाही की जास्त टिकते. ३७५ मिलीची रिकामी बाटली मी कधी टाकत नाही, घरात सात-आठ आहेत, बायको दर दिवाळीला विचारते.

थोडक्यात परत: घरपोच आणि बाहेरच्या राज्यातनं आणणं दोन्ही सोडा, दहा-बारा दिवस आधी मालकाला गाठून आठ बाटल्या मागवा, उन्हापासनं जपा, बादलीत मीठ विसरू नका, तिखटाच्या आधी चाखा. दुकानात काय मिळेल ते डेपोवर आणि त्या महिन्याच्या स्टॉकवर आहे, त्यामुळं नाव धरून बसू नका, प्रकार धरून चला, शिराज नाही मिळाली तर दुसरी हलकी रेड चालेल.

फक्त एक काम आजच करा, आई-बाबांना न कळता त्यांच्या फोनमधले नाशिकचे फोटो बघा. टेस्टिंग रूममध्ये सगळे बाटलीबरोबर फोटो काढतातच, लेबल दिसत असेल तर नाव इथं लिहा, ती आपल्याकडं येते का, नाही तर तिच्या जवळची कुठली येते, ते मी सोमवारी डेपोच्या यादीत बघून सांगतो.